तगरचे कापड

"तगरमध्ये कापडाचा एखादा तुकडा मिळाला आहे का?"

प्रश्न विचारणाऱ्या बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. ग्रीसमधल्या सिरोस बेटावर, एर्मूपोली या गावातल्या एका जुन्या दुमजली इमारतीत पंचवीस-तीस माणसे बसली होती. माझा पंधरा मिनिटांचा निबंध मी तुटक इंग्रजीत नुकताच वाचून संपवला होता. प्राचीन तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर आणि तेथून पश्चिमेकडे जाणारे कापड, असा त्याचा विषय. प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळच होते. "नाही," मी म्हणालो, "एकही नाही." बाईंनी वहीत काहीतरी टिपले आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले गेले.

मी जागेवर येऊन बसलो, पण तो प्रश्न काही बसेना. पंचवीस वर्षे मी तेरविषयी वाचतो, लिहितो, बोलतो. आमच्याकडच्या कुठल्याही व्याख्यानात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरे सांगायचे तर मी स्वतःलाही विचारला नव्हता.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. एका शाळेत लिपिक म्हणून नोकरी केली. तेर हे माझे आजोळ, आणि आमचे गाव तिथून बैलगाडीच्या वाटेवर. वाचनालयातली जुनी गॅझेटियरे, उत्खननांचे अहवाल, रद्दीत मिळालेली पुस्तके एवढ्यावर माझा अभ्यास चालला. मुलगी जर्मनीत नोकरी करते. तिने सुट्टीत ग्रीसची बेटे पाहायचा बेत केला आणि त्याच आठवड्यात तिथे प्राचीन सागरी व्यापारावर एक छोटा परिसंवाद आहे, हे तिनेच शोधून काढले. "बाबा, निबंध पाठवा, घेतला तर घेतला," ती म्हणाली. त्यांनी घेतला. म्हणून मी त्या बेटावर होतो, निम्मा पर्यटक आणि निम्मा अभ्यासक.

हा लेख म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाला मी उशिरा दिलेले उत्तर आहे.

ग्रीक पुस्तकातले एक वाक्य

तेरचे नाव जगाच्या व्यापाराच्या इतिहासात आहे ते मुख्यतः एका लहानशा ग्रीक पुस्तकामुळे. 'एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस' हे ते पुस्तक. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या प्रवासाची माहिती. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याने आपले नाव दिलेले नाही. तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिका, अरबस्तान आणि भारत इथल्या बंदरांत काय विकले जाते, काय मिळते, कुठे खडक आहेत, कुठे राजाचे लोक त्रास देतात, असा सगळा कामाचा मजकूर त्यात आहे. दहाव्या शतकातली त्याची एक हस्तलिखित प्रत आज जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे आहे.

भडोचला, म्हणजे त्याच्या भाषेत बारिगाझाला, आल्यावर हा लेखक दक्षिणेकडच्या मुलखाकडे वळतो. तो सांगतो की या मुलखातल्या बाजारपेठांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली पैठण, बारिगाझाहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, फार मोठे शहर. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून बारिगाझाला येतो. पैठणहून गोमेदासारखे दगड पुष्कळ येतात. तगरहून साधे कापड पुष्कळ, तऱ्हेतऱ्हेची मलमल, मोलोखिना नावाचे आणखी एक कापड, आणि तिथे गोळा होणारा किनारपट्टीच्या भागातला इतर माल.

तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी देवगिरी म्हटले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. कोकणातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, त्यामुळे घोळ आणखी वाढला. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडले आणि ते टिकले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेरची देवळे पाहिली आणि विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे लिहिले. १९५८ मध्ये चापेकरांनी येथे उत्खनन केले. पुढेही अनेकदा झाले. सातवाहन काळातले भरभराटीचे गाव जमिनीखालून वर आले.

पेरिप्लसमधले अंतर मी नकाशावर मोजून पाहिले आहे. तेर ते पैठण सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवसांत म्हणजे दिवसाला १५. पैठण ते भडोच सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. वीस दिवसांत म्हणजे दिवसाला साडेसतरा. वाटेची वळणे धरली तर थोडे अधिक. भरलेल्या बैलगाडीची चाल ज्याला ठाऊक आहे त्याला हा हिशेब पटेल. दिशेत मात्र लेखक चुकला आहे. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. तो स्वतः कधी इकडे आला नसावा. भडोचच्या धक्क्यावर गाडीवानांकडून ऐकले आणि लिहिले.

कल्याण जवळ असताना माल भडोचला का जाई, याचेही उत्तर त्याने देऊन ठेवले आहे. कल्याण बंदर पूर्वी खुले होते, पण आता तिथे अडवणूक होते, आणि चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असे तो सांगतो. दोन राज्यांच्या भांडणात व्यापाऱ्याला लांबचा रस्ता धरावा लागणे ही काही आजची गोष्ट नाही.

त्यावरून मी एक तर्क बांधला आहे. इजिप्तहून भडोचला येणारी जहाजे जुलैत निघत, असे पेरिप्लस सांगते. भारतातून परत निघण्याची वेळ रोमन लेखक प्लिनीने डिसेंबर ते जानेवारीचा मध्य अशी दिली आहे. तेर ते भडोच हा गाडीचा रस्ता ३० दिवसांचा. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते, तेव्हा मालाची गाडी निघणे शक्य नाही. मग गाड्या केव्हा निघत असतील? पाऊस सरल्यावर, जमीन वाळली की. म्हणजे आपल्या दसऱ्याच्या आगेमागे. त्या काळी दसरा आजच्यासारखा होता की नाही हा मुद्दा वेगळा. पण सीमोल्लंघनाचा हंगाम तोच, ऋतू तोच आणि चिखलही तोच. दिवाळीच्या सुमारास तगरच्या गाड्या पैठणच्या पुढे कुठेतरी असतील.

मडके थापटून पाहणे

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी त्यांच्याकडे जमली असता गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून कोण पक्के आणि कोण कच्चे हे पाहिले, आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका आमच्याकडे लहान मुलालाही येते. तेरविषयीच्या दाव्यांना हीच रीत लावावी असे मला वाटते. आपल्या गावाविषयी बोलताना माणूस सैल सुटतो. मीही सुटलो आहे.

"तेरला ग्रीक आणि रोमन व्यापारी राहत होते." हे मडके मी वीस वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत पक्के म्हणून विकले. आज थापटून पाहतो तेव्हा आवाज बद्द येतो.

पुरावा काय आहे? तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. अंगावर दागिने, केशरचना नाजूक. इटलीत पॉम्पेई येथे १९३८ मध्ये अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली होती आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिसरी बहीण जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडली. या तिघींवरून एवढे ठरते की अशा मूर्ती दख्खनमध्ये वापरात होत्या आणि तशी एक समुद्रापलीकडे गेली. वस्तू गेली. माणूस आला असे त्यावरून ठरत नाही.

तेरला मातीचे गोल पदकही मिळतात. रोमन नाण्यावरच्या राजमुखाची ती नक्कल, गळ्यात अडकवता येईल अशी. ही तर आमच्याच कुंभारांची करामत. परदेशी नाण्याची इथे हौस होती एवढे त्यावरून कळते. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या पोकळ बाहुल्या मिळतात. त्यांच्या घडणीत परदेशी वळण दिसते, हात इथलेच.

यवन महाराष्ट्रात आलेच नाहीत असे मात्र नाही. त्यांनी स्वतः दगडावर लिहून ठेवले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथल्या सिहधय, धम्म या यवनांनी खांब दान दिले. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट याने भोजनमंडप दिला, चंद याने लेण्याचा दर्शनी भाग. नाशिकच्या लेण्यात धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा योनक म्हणवतो. त्याच नाशिकला दुसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा म्हणते. राजघराण्याच्या लेखात यवन हा शत्रू आहे आणि जुन्नरच्या डोंगरावर तोच पाण्याचे टाके खोदून देणारा दाता आहे. दोन्ही एकाच काळच्या आसपासचे.

पण हे सगळे घाटमाथ्यावरचे, बंदरातून वर येणाऱ्या वाटांवरचे. तेरला अद्याप एकाही यवनाचा लेख मिळालेला नाही. त्यामुळे "तेरचा माल यवनांकडे गेला" हे मडके पक्के आणि "यवन तेरला राहिले" हे कच्चे. ते पुढे कधी भाजले जाईलही. आज नाही.

यवनांची जत्रा

'यवन' या शब्दाचे माहेर मात्र मी पाहून आलो.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आणि एजियन समुद्रातल्या बेटांवर राहणारे ग्रीक ते आयोनियन. इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणत. अशोकाच्या लेखांत तोच शब्द 'योन' होऊन आला आणि पुढे 'यवन' झाला. मध्ययुगात आपण तो मुसलमान राजवटींना लावला आणि मूळचे लोक विसरून गेलो. या आयोनियनांचे पवित्र स्थान म्हणजे डेलॉस हे चिमुकले बेट. त्याच्या भोवतीच्या बेटांच्या समूहाला सायक्लाडीस म्हणतात, म्हणजे डेलॉसभोवती कडे करून असलेली बेटे. त्यातला ग्रीक 'किक्लोस' आणि आपला 'चक्र' हे शब्द एकाच कुळातले. सिरोस हेही त्याच कड्यातले.

परिसंवाद संपल्यावर आम्ही बापलेक मिकोनोस बेटावर गेलो आणि तिथून अर्ध्या तासाच्या बोटीने डेलॉसला. मिकोनोसला पांढऱ्या घरांसमोर फोटो काढणाऱ्यांची दाटी, त्यात मराठीही कानावर पडले. डेलॉसला उतरलो आणि एकदम शांतता. वाऱ्याचा आवाज तेवढा. झाड जवळजवळ नाही. पडक्या भिंती, खांब, फरशीवरची रंगीत खड्यांची चित्रे आणि घरोघरी पावसाचे पाणी साठवायची टाकी. जुन्नरच्या इरिलला टाके खोदून देण्याचे पुण्य का सुचले असेल, हे मला त्या कोरड्या बेटावर उमगल्यासारखे वाटले. तो या बेटांवरचा होता असे मी म्हणत नाही. पण पाण्याच्या टाक्यावर जगणारी माणसे त्या समुद्रावर सगळीकडेच होती.

ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की फार पूर्वी आयोनियन लोक बायकामुलांसह डेलॉसला जमत. देवाचा उत्सव, कुस्त्या-शर्यती, गाणे-नाचणे. म्हणजे सरळ जत्राच. सुट्टी घालवायला आणि चार लोकांत मिसळायला या बेटांवर येण्याची चाल अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. आम्ही दोघे त्या रांगेत सर्वांत मागे.

इ.स.पू. १६६च्या सुमारास रोमने डेलॉसला जकातमुक्त बंदर केले आणि जत्रेचा बाजार झाला. इटलीचे, सीरियाचे, बैरुतचे व्यापारी येऊन राहिले. आपापल्या देवांची देवळे आणि आपापल्या मंडळींच्या वास्तू त्यांनी बांधल्या. येमेनमधल्या दोघांनी आपल्या 'वद्द' या देवाला वेदी वाहिली आणि तिच्यावर स्वतःच्या लिपीत आणि ग्रीकमध्येही मजकूर कोरला. माणसांचाही बाजार होता. दिवसाला दहा हजार गुलाम घ्यायची-द्यायची या बेटाची ताकद होती, असे स्ट्रॅबो लिहितो. ती फरसबंदी पाहताना हे विसरता येत नाही. इ.स.पू. ८८ मध्ये मिथ्रिडेटिस राजाच्या सैन्याने बेट लुटले, इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी. त्यानंतर ते सावरले नाही.

इथेही एक कच्चे मडके हाताशी आले होते. येमेनचे लोक डेलॉसला आणि येमेनशी आपला व्यापार, तेव्हा तगरचे कापडही डेलॉसला, असे वाक्य मी बोटीतच जुळवले. मग तारखा मोजल्या. डेलॉस उजाड झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी पेरिप्लस लिहिले गेले. वाक्य समुद्रात सोडून दिले.

डेलॉसवर आज कुणी वस्ती करत नाही. रखवालदार आणि उत्खनन करणारे यांच्याखेरीज रात्री राहायला परवानगी नाही. जुन्या काळीही तिथे एक विलक्षण नियम होता. देवाचे बेट म्हणून इ.स.पू. ४२६ पासून तिथे कुणी जन्मायचे नाही आणि कुणी मरायचे नाही. गरोदर बाई आणि मरणाला टेकलेला माणूस यांना शेजारच्या रेनिया बेटावर नेत. शहर मोडल्यावर त्याच्या डोक्यावर नवे मोठे गाव वसले नाही. म्हणून फ्रेंच अभ्यासक दीडशे वर्षे तिथे खणत आहेत आणि त्यांना घरामागून घर जागच्या जागी मिळते.

तेरचे उलटे आहे. तेर मेलेच नाही. टेकाडावर घरे आहेत, घरांत पाळणे आहेत, तेरणेकाठी सरणे पेटतात. दोन हजार वर्षे लोक त्याच मातीवर जगत आले, आणि त्याच मातीतून घरे बांधत आले. माझी अडचण इथून सुरू होते.

सुताचा पीळ

परिसंवादाच्या मधल्या सुट्टीत त्या बाई आपणहून माझ्याकडे आल्या होत्या. प्राचीन कापड हा त्यांचा विषय. माझ्या शबनम पिशवीच्या काठाचा सुटलेला धागा त्यांनी चिमटीत धरला आणि उलगडून दाखवला. सूत कातताना त्याला पीळ बसतो. तंतू इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेषेसारखे तिरपे दिसले तर तो झेड पीळ, एस अक्षरासारखे दिसले तर एस पीळ. हा कातणाऱ्या हाताचा संस्कार. इजिप्तमध्ये जुन्या काळी बहुधा एस पिळाचे सूत काढत, भारतात झेड पिळाचे.

तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या बंदरात १९९४ पासून उत्खनन झाले. तिथल्या कोरड्या वाळूत कापड टिकते. भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी तिथे जशीच्या तशी मिळाली. आणि सुती कापडाचे पुष्कळ तुकडे मिळाले. त्यांतल्या अनेकांचे सूत झेड पिळाचे, म्हणून ते भारतातून आलेले मानतात. काही निळ्या रंगात नक्षी सोडून रंगवलेले आहेत, तर काही जहाजाच्या शिडाचे आहेत.

"तुमच्याकडे दमट माती आहे. कापड तुमच्याकडे राहणार नाही," बाई म्हणाल्या, "ते गेले तिथे राहिले." त्या तुकड्यांतला एकही तगरचा म्हणून दाखवता येत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. गोरोबाकाकांनी त्यांना पक्के ठरवले असते.

पेरिप्लसकडे मी पुन्हा वळलो ते त्यानंतर. तगरच्या यादीत पहिले नाव साध्या कापडाचे आहे. मलमल नंतर येते. आम्ही व्याख्यानांत नेहमी मलमलीवर बोलतो, अंगठीतून जाणाऱ्या वस्त्राच्या गोष्टी सांगतो. ग्रीक व्यापाऱ्याने मात्र आधी लिहिले ते जाडेभरडे, रोज नेसायचे कापड. ते कुणासाठी? त्याच पुस्तकात उत्तर आहे. भडोचच्या बाजूने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड जाई. तसेच ते डायोस्कोरिडा बेटावर जाई. हे आजचे सोकोत्रा, आफ्रिकेच्या टोकाजवळचे, सध्या येमेनकडे असलेले. तिथे व्यापारासाठी आलेले अरब, भारतीय आणि काही ग्रीक एकत्र राहतात असे पेरिप्लस सांगते. तांदूळ, धान्य, भारतीय कापड आणि दासी तिथे विकल्या जात, बदल्यात कासवाची पाठ मिळे.

त्या सोकोत्रावर होक नावाची प्रचंड गुहा आहे. २००१ च्या सुमारास बेल्जियन शोधकांना तिच्या आत खोलवर लेख दिसले, दोनशेंहून अधिक. बहुतेक ब्राह्मी लिपीत, भारतीय खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी लिहिलेले, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले. इंगो श्ट्राउख यांनी २०१२ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अमुक आला, अमुक इथे पोचला, असाच मजकूर. काहींनी आपले गाव सांगितले आहे: भरुकच्छ. तगरच्या गाड्या जिथे रिकाम्या होत तेच भडोच.

आमच्या शाळेतली मुले सहलीला गेली की किल्ल्याच्या भिंतीवर नाव लिहितात आणि आम्ही त्यांना रागावतो. ही माणसे अंधारात मशाल धरून तेच करत होती. तगरचे जाडे कापड या लोकांबरोबर त्या बेटावर गेले असेल, अशी शक्यता मला आता सर्वांत जवळची वाटते. हे मडके अर्धे भाजलेले आहे, असे समजून घ्यावे.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग करतात. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पांढरी माती म्हणजे शेकडो वर्षांची राख, पडलेल्या भिंती, शेण, चुना, खापऱ्या यांची झालेली माती. मराठवाड्यातल्या माळवदाला तीच लागते. लाकडी सरांवर फळ्या, वर जाड थर पांढऱ्या मातीचा. ती पाणी धरत नाही, उन्हाळ्यात घर गार ठेवते. जितकी जुनी वस्ती तितकी पांढरी चांगली. तेरच्या टेकाडांइतकी जुनी पांढरी आसपास कुठली असणार?

माझ्या लहानपणी आमच्या माळवदाची माती तेरहून आली. वडिलांबरोबर मीही टेकाडावर गेलो होतो. टिकावाने माती पाडायची, पाटीने गाडीत भरायची. मातीत मणी निघत, बांगड्यांचे तुकडे निघत. ते आम्ही खिशात भरले आणि गोट्यांसारखे खेळून हरवले. चूक कुणाची असे म्हणता येत नाही. घर शाकारायचे होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडी भिंती आणि जड माळवदे यांच्याखाली माणसे झोपेत गेली. आमचे घर वाचले, पण त्यानंतर माळवदाखाली झोपायची आईची तयारी नव्हती. वडिलांनी माळवद उतरवून पत्रे घातले. अंगणात मातीचा ढीग पडला. तेव्हा मी विशीत होतो, आणि त्या ढिगात बसून पहिल्यांदा नीट पाहिले. दोन मणी मिळाले. आणि खापरीची घासून गोल केलेली, मधोमध भोक असलेली रुपयाएवढी चकती. एखाद्या पोराच्या गाड्याचे चाक असावे असे समजून मी ती डबीत ठेवली. बाकीची माती शेतात टाकली. माझा सगळा अभ्यास त्या ढिगापासून सुरू झाला.

एर्मूपोलीला कॉफी पिता पिता मोबाइलमधला तिचा फोटो मी बाईंना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. "हे खेळण्याचे चाक नसावे," त्या म्हणाल्या. चातीच्या काडीला खाली वजन म्हणून अशी चकती बसवतात. ती फिरते आणि सुताला पीळ बसतो. सातवाहनकालीन वस्त्यांत अशा चकत्या मिळतात हे मी अहवालांत वाचले होते, चित्रेही पाहिली होती. घरातली चकती ओळखली नव्हती.

मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो उत्खनन जाणणारा कुणीही विचारेल. "कोणत्या थरात मिळाली?"

मी म्हणालो, "आमच्या छपरात."

त्या हसल्या नाहीत. मीही हसलो नाही. वस्तूचा काळ ठरतो तो तिच्या थरावरून. वर काय होते, खाली काय होते, शेजारी कुठले नाणे होते. माझी चकती पेरिप्लसच्या काळातल्या एखाद्या तगरकर बाईच्या चातीची असेल, किंवा निजामाच्या राजवटीतल्या एखाद्या आजीची. सांगता येत नाही, आणि आता कधीच येणार नाही. टिकावाच्या एका घावात तिचा पत्ता पुसला गेला. कापड तगरला राहणार नव्हतेच, पण ते कातणाऱ्या हातांचा माग राहू शकला असता. तो आम्ही गाड्या भरभरून डोक्यावर नेऊन घातला.

तेरचे डेलॉस करा, माणसे उठवा, असे मी म्हणणार नाही. ज्या गावात दोन हजार वर्षे माणसे राहिली तिथे ती राहिली हाच त्या गावाचा मोठेपणा आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या म्हणून हजारो वस्तू संग्रहालयात तरी आल्या. पण आता माळवदे गेली, पांढरीची गरज संपली, आणि पाटी-टिकावाच्या जागी पाया खणायला जेसीबी येतो. टिकावाला जे एका महिन्यात जमत नव्हते ते तो एका दुपारी करतो. अशा वेळी थोडे थांबावे, भिंतीतले थर दिसतात त्यांचा फोटो घ्यावा, काय किती हात खोलीवर निघाले ते वहीत लिहावे आणि संग्रहालयात कळवावे, एवढे तरी आपल्या हातात आहे. मणी उचलून खिशात घालणाऱ्या पोराला दटावण्याऐवजी कुठे मिळाला तेवढे विचारून ठेवावे. मला ते कुणी विचारले नव्हते.

परत आल्यावर मी ती चकती डबीतून काढली. एका जाड कागदाच्या पाकिटात घातली आणि वर शाईने लिहिले: चातीची चकती, भाजलेली माती. तेरच्या पांढरीतून आणलेल्या माळवदाच्या ढिगात, १९९३. थर माहीत नाही.

दिवाळी झाली की ते पाकीट घेऊन संग्रहालयात जाणार आहे.